जावई पॅडलवर, सासरे नटावर

ब्रेकचं पॅडल दाबलं आणि ते थेट फ्लोअरला टेकलं. मधे काहीच लागलं नाही. परत दाबलं, निम्म्यात थोडं अडलं. चौथ्यांदा दाबलं तेव्हा कुठं या गाडीला ब्रेक आहे असं वाटलं. पाय काढून मी सावकाश दहा आकडे मोजले आणि पुन्हा दाबलं. पुन्हा फ्लोअर.

"कसं काय वाटतंय?" अण्णांनी खिडकीतून विचारलं.

"ब्रेक सोडून बाकी सगळं झकास हाय," मी म्हणालो.

अण्णा हसले नाहीत. त्यांच्या शेजारी त्यांचे जावई उभे होते आणि जावयासमोर असली थट्टा त्यांना आवडत नाही, हे मला कळायला हवं होतं.

माझं गॅरेज तुळजापुरात सोलापूर रोडला आहे, घाट सुरू व्हायच्या थोडं अलीकडं. वीसेक वर्षं झाली. वर चढून येणाऱ्या गाड्यांची इंजिनं तापतात, खाली जाणाऱ्यांचे ब्रेक तापतात, आणि माझी चूल पेटते. ब्रेक या विषयात मला कुणी शिकवू नये असं माझं मत आहे. ते त्या दिवसापर्यंत पक्कं होतं.

अण्णा गॅरेजमागच्या गल्लीत राहतात. पंचायत समितीत आवक-जावक सांभाळत त्यांची अख्खी नोकरी सरली. निवृत्त झाल्यापासून घरातली कुठलीही वस्तू ते बाहेर दुरुस्तीला देत नाहीत. आधी मोबाइलवर व्हिडिओ बघतात, मग वहीत मुद्दे काढतात, मग पाना हातात घेतात. मिक्सर, इन्व्हर्टर, पाण्याची मोटर, सगळं त्यांच्या हाताखालून गेलं आहे. खरं सांगायचं तर बहुतेक चालूही झालं आहे. या गोष्टीचा मला थोडा रागच होता.

गाडी मात्र त्यांची नव्हती, जावयांची होती. अभिजितराव सोलापूरला कॉलेजात शिकवतात. अण्णांची मुलगी मीनल बाळंतपणाला माहेरी आली होती. मुलगी झाली, ती तीन महिन्यांची झाली आणि मायलेकींना घेऊन जायला अभिजितराव आले. येताना घाट चढून गाडी दारात उभी केली तर पुढच्या डाव्या चाकातून जळका वास. अण्णांनी रिमला हात लावून बघितला, बोट भाजून घेतलं आणि निदान केलं, "कॅलिपर जाम."

निदान बरोबर होतं. कॅलिपर म्हणजे चाकामागच्या गोल डिस्कला चिमट्यासारखा पकडणारा भाग. आपण पॅडल दाबलं की तेलाच्या जोरानं त्यातला पिस्टन पुढं सरकतो, पॅड डिस्कला दाबतो आणि चाक थांबतं. पाय काढला की पिस्टननं मागं यायचं असतं. गंज चढला की तो मागं येत नाही. मग ब्रेक लावून ठेवल्यासारखी गाडी पळत राहते आणि चाक तापतं.

अभिजितराव म्हणाले होते, "मामा, मिस्त्रीकडं दाखवतो." त्यावर अण्णांचं उत्तर मला नंतर त्यांच्या बायकोकडून, काकूंकडून कळलं. ते म्हणाले, "आमच्या दारात आलेली गाडी मिस्त्रीकडं? तुम्ही निवांत बसा."

मिस्त्री म्हणजे मी. चार मिनिटांच्या अंतरावर. असो.

सोलापूरहून एसटीच्या पार्सलनं नवा कॅलिपर आला. अण्णांनी तो दारातच बसवला. तिथवर एक दिवस गेला. पुढचे दोन दिवस सासरे-जावई मिळून ब्रेकची एअर काढत होते आणि ती काही निघत नव्हती. उद्या सकाळी नऊच्या आत निघायचं ठरलेलं, कारण त्यानंतर काकूंच्या पंचांगात वेळ बरी नव्हती. शेवटी काकूंनीच मला गुपचूप फोन केला.

मी गेलो तेव्हा अण्णा म्हणाले, "अरे वा, मिस्त्री! सहज इकडं?"

"सहजच," मी म्हणालो. माझ्या हातात हत्यारांची पिशवी होती.

त्यांनी पिशवीकडं बघितलं. "आलाच आहात तर नजर टाका. पण हात माझा राहील. तुम्ही फक्त मार्गदर्शन करा."

आता एअर काढणं म्हणजे काय, ते सांगतो. ब्रेकच्या नळ्यांत तेल असतं, त्याला आम्ही ब्रेक ऑइल म्हणतो. तेल दाबलं तर ते आक्रसत नाही, पायाचा जोर जसाच्या तसा चाकापर्यंत पोचवतं. हवा मात्र दबते. नळीत हवा शिरली की तुमचा जोर हवा दाबण्यातच खर्च होतो आणि चाकाला काही कळतच नाही. कॅलिपर बदलताना नळी खोलावी लागते, तेव्हा हवा शिरतेच. ती काढायला कॅलिपरच्या माथ्यावर एक पोकळ नट असतो. एकानं पॅडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं तो नट सैल करायचा, की हवेचे बुडबुडे तेलाबरोबर बाहेर येतात. दोन माणसांचं काम. दहा-पंधरा मिनिटं लागतात. इथं दोन दिवस झाले होते आणि ऑइलच्या तीन बाटल्या रिकाम्या होऊन ओळीत उभ्या होत्या. अण्णांनी त्या धुऊन ठेवल्या होत्या.

मी क्रमानं बघायला लागलो. गाडीखाली ठोकळे बरोबर लावलेले, मागच्या चाकांना विटा. माझ्या गॅरेजातही कधीकधी इतकी काळजी घेतली जात नाही.

पहिली शंका, कॅलिपर उलट बाजूचा आला असेल. डावीकडं उजवा कॅलिपर बसवला की तो एअरचा नट खाली जातो. हवा वर चढते, मग खालच्या दारानं ती बाहेर कशी येणार? घरी काम करणाऱ्यांची ही सगळ्यात लाडकी चूक. मी वाकून बघितलं. नट माथ्यावरच होता.

दुसरी शंका, गळती. नळी जिथं कॅलिपरला जोडतात तिथं बोल्टच्या दोन्ही अंगाला तांब्याचे वॉशर लागतात. लोक जुनेच परत लावतात. मी बोट फिरवलं. कोरडं ठणठणीत.

"वॉशर नवे?"

"दोन्ही नवे. मुद्दा क्रमांक चार," अण्णा म्हणाले आणि त्यांनी खिशातून फुलस्केप कागद काढून माझ्या हातात दिला. निळ्या शाईत मुद्दे, लाल शाईत क्रमांक. 'जुना बोल्ट सोडविणे. तेल अंगावर पडल्यास तात्काळ धुणे.' सहा मुद्दे वाचले, एकही चूक सापडली नाही. मला कंटाळा आला आणि मी कागद परत केला. मागची बाजू उलटून बघितली नाही. ही माझी त्या दिवसाची मोठी चूक.

तिसरी शंका, मास्टर सिलिंडर. पॅडलमागं असलेला हा मुख्य पंप. पॅडल पुन्हापुन्हा फ्लोअरपर्यंत दाबलं की जुन्या गाडीत त्याचे रबर फाटतात. ते तपासायला मी डाव्या चाकाच्या रबरी नळीला फडकं गुंडाळलं आणि वरून क्लॅम्प आवळला. म्हणजे ते चाक तात्पुरतं बाजूला काढलं. आता पॅडल दाबलं तर वरच्या वर दगडासारखं घट्ट. क्लॅम्प काढला, पुन्हा फ्लोअर. म्हणजे मास्टर चांगला, बाकीची तीन चाकं चांगली. हवा याच कॅलिपरमध्ये.

आणि या कॅलिपरमध्ये चूक काहीच नव्हती. मी उकिडवा बसून डोकं खाजवलं. अण्णांच्या चेहऱ्यावर मला किंचित समाधान दिसलं. मलाही सापडत नाही, याचं.

"एकदा करून दाखवा," मी म्हणालो. "तुमच्या पद्धतीनं. मी नुसता बघतो."

अण्णा चाकाजवळ पोत्यावर बसले. नटाला पारदर्शक नळी लावली, तिचं दुसरं टोक बाटलीतल्या तेलात बुडवलं. अभिजितराव चप्पल बाहेर काढून सीटवर बसले.

"अभिजितराव, आपली तयारी असेल तर..."

"हो मामा, तयारच आहे."

"मग जरा तसदी घेता का? तीनदा. सावकाश."

"तीनदा ना? की चारदा दाबू?"

"तुमच्या सोयीनं."

अभिजितरावांनी तीनदा दाबलं, आणि सासऱ्यांचा मान म्हणून चौथ्यांदाही. "दाबून धरलंय मामा."

अण्णांनी पाना फिरवला. चांगला एक फेरा. नळीतून फेसाळ तेल सुर्रकन बाटलीत आलं. ते बघितलं आणि अण्णांचा चेहरा एकदम विरघळला. ते म्हणाले, "बास, बास! काढा पाय. लई त्रास दिला तुम्हाला."

अभिजितरावांनी लगेच पाय उचलला. आणि मग, सावकाश, अण्णांनी नट आवळायला घेतला.

मी नळीकडं बघत होतो. तिच्यातलं तेल उलटं सरकत आत चाललं होतं.

इंजेक्शनची सिरिंज आठवा. दांडा दाबला की औषध बाहेर, दांडा मागं ओढला की आत. पॅडलचंही तेच. नट उघडा असताना पाय उचलला, की ब्रेक बाहेरचं जे मिळेल ते आत ओढतो. नळीचं टोक तेलात होतं हे खरं, पण नट एक फेरा सैल म्हणजे त्याच्या आट्यांमधून हवा आरामात जाते. म्हणून नियम एकच, आधी नट बंद, मग पाय वर. हे दोघं दर वेळी हवा बाहेर काढत होते आणि तेवढीच आत घेत होते. दोन दिवस.

मी कागद परत मागितला आणि या वेळी उलटला. लिहिलं होतं, 'मुद्दा ९, नट सैल करणे. मुद्दा १०, तेल आल्यावर जावईबापूंना मोकळे करणे. मुद्दा ११, नट आवळणे.'

ही चूक नवशिके करतात, पण एकदा. ओरडा खाल्ला की दुसऱ्यांदा नाही. इथं ती ठरवून, आदरपूर्वक आणि क्रमांक घालून चालली होती. पाहुण्याला आधी मोकळं करायचं, आपलं काम नंतर उरकायचं. अण्णांच्या घरात जेवणाची पंगतही अशीच उठते.

आमच्या धंद्यात हे काम शिष्टाचाराचं नाही. मी ज्यांच्याकडं शिकलो ते उस्ताद नळदुर्गचे. एअर काढताना त्यांचे तीनच शब्द असायचे, "मार. रोक. छोड." त्यातला 'रोक' ते असा ओरडायचे की हायवेवरच्या ट्रकवाल्याचा पाय ब्रेककडं जायचा. आणि तरीही पाय उचलला तर चौथा शब्द यायचा, तो इथं लिहिता येत नाही. आज माझ्याकडं पॅडलवर माझा धाकटा भाऊ बसतो. आम्ही दोघं दिवसभरात एकमेकांना जे बोलतो ते ऐकून गिऱ्हाईक मधे पडायला बघतं. पण ब्रेक पहिल्या दाबात लागतो.

हे सगळं अण्णांना जावयासमोर कसं सांगणार? मी कडेकडेनं गेलो. "अण्णा, आधी नट, मग पाय."

"म्हणजे नट आवळेपर्यंत त्यांना तसंच ताटकळत ठेवायचं?"

"दोन सेकंद."

"बरं दिसत नाही हो ते," अण्णा हळूच म्हणाले. पण म्हणाले, करून बघू.

दुसऱ्या वेळी अण्णांनी तोंड घट्ट मिटलं आणि नट आवळायला घेतला. पोत्यावर बसून जोर लागेना, म्हणून त्यांच्या तोंडून "उंह" असं निघालं. ते ऐकताच अभिजितराव पॅडल सोडून खाली उतरले. "मामा, मी आवळू का?"

नळीतलं तेल परत आत.

"माझंच चुकलं," अभिजितराव म्हणाले.

"छे छे, चूक माझी. मी आवाज करायला नको होता."

"नाही मामा, माझीच घाई झाली."

"अहो, तुम्ही उत्तम दाबताय."

मी मधे बसून इकडून तिकडं मान वळवत होतो. "मी बसतो पॅडलवर," असं म्हणून बघितलं. अभिजितराव "हो, बसा ना," म्हणाले खरे, पण त्यांचा चेहरा उतरला. अण्णांनी तो बघितला आणि मला डोळ्यानंच दटावलं. जावयाला उठवून मिस्त्रीला बसवायचं म्हणजे जावई नापास. मग मी पाना मागितला. अण्णांनी तो दुसऱ्या हातात घेतला. त्या दारात माझ्याइतका निरुपयोगी माणूस दुसरा नव्हता.

तेवढ्यात काकूंनी चहा आणला. अभिजितराव कप घेऊन मला पाण्याच्या टाकीमागं घेऊन गेले.

"मिस्त्री, राहू द्या आता," ते खालच्या आवाजात म्हणाले. "चारदा पंप मारला की ब्रेक लागतो. मी हळू नेईन. घाटात सेकंड गिअर टाकतो. घरी गेल्यावर तिथल्या गॅरेजात दाखवतो."

मला वाटलं ते थट्टा करतायत. पण त्यांच्या तोंडावर थट्टेचं काही नव्हतं.

"मामांनी तीन दिवस ऊनवारा बघितला नाही," ते म्हणाले. "आता जमलं नाही म्हणून गाडी टो करून नेली, तर त्यांना काय वाटेल? माझ्यानं ते सांगवत नाही."

इथं माझी सगळी मजा संपली. तोवर मी मनातल्या मनात दोघांना हसत होतो. त्या घाटातून ब्रेक गेलेल्या गाड्या मी वर ओढून आणल्यात. वळणावर समोर बस आली तर चारदा पंप मारायला वेळ कोण देतो? पहिल्या दाबात लागतो तोच ब्रेक. आणि हा शिकलासवरलेला माणूस तीन महिन्यांचं लेकरू मागच्या सीटवर घेऊन तशीच गाडी उतरवणार होता, का तर सासऱ्यांना वाईट वाटू नये.

मी परत आलो, तर अण्णांनी मला बाजूला घेतलं. "मिस्त्री, जावयांचा पाय जरा हलका पडतो का? तुम्हीच सांगा त्यांना. माझ्या तोंडून नको."

मग मात्र माझं डोकं फिरलं. मी गाडीची चावी काढली आणि खिशात घातली.

"ही गाडी उद्या घाटात उतरणार न्हाय," मी गल्लीला ऐकू जाईल असं म्हणालो. "चावी माझ्याकडं. वेळ चांगली असो नाहीतर वाईट."

काकू "अगं बाई," म्हणाल्या. अण्णांचा चेहरा पांढरा पडला. आवाज ऐकून मीनल बाळाला खांद्यावर टाकून बाहेर आली. "काय झालं काका?"

"काही नाही," अभिजितराव आणि अण्णा एकदमच म्हणाले.

"झालं असं," मी म्हणालो, "की तुझे वडील तुझ्या नवऱ्याला लई मान देतात आणि त्या मानापायी ब्रेकमध्ये हवा जाती. दोघांना म्हाईत हाय ब्रेक लागत न्हाय. दोघं सांगंनात. आणि तुझे साहेब उद्या चारदा पंप मारत घाट उतरणार हायत."

मीनल नवऱ्याकडं वळली. "तुम्ही हिला घेऊन गाडी अशीच नेणार होता?"

अभिजितरावांनी कप खाली ठेवला. अण्णांना ही गोष्ट आत्ता कळत होती. ते पोत्यावर बसले.

"धरा हिला," मीनल म्हणाली. बाळ नवऱ्याच्या हातात दिलं, ओढणी खोचली आणि सीटवर जाऊन बसली.

"अगं, बाळंतीण तू, पॅडल मारती व्हय!" काकू म्हणाल्या.

"आई, सव्वा महिन्यानंतर तूच मला भाकरी थापायला बसवलंस. अण्णा, सांगा."

अण्णांनी पाना उचलला. आणि त्यांच्या गळ्यातून मी कधीच न ऐकलेला आवाज निघाला.

"दाब! अजून! अजून एकदा! हां, धर आता. सोडू नको. सोडू नको म्हणलं ना!"

"नाही सोडत, ओरडू नका. ती दचकती."

"मग नीट दाब! लहानपणापासून तुझं हेच, अर्ध्यात सोडायचं. धर! ... हां. सोड."

नट आवळला होता, मग 'सोड' आलं होतं. मी नळी बघितली. तेल जिथल्या तिथं.

दुसऱ्या वेळी बुडबुडे कमी झाले. तिसऱ्या वेळी एकदोन. पाचव्या वेळी नळीतून स्वच्छ तेलाची धार आली, आणि मीनल म्हणाली, "अण्णा, आता खाली जात नाही. वरच अडतंय." एवढं होईपर्यंत तिच्या दहावीच्या गणिताचा आणि न विचारता कापलेल्या केसांचाही उद्धार होऊन गेला होता. अभिजितराव बाळाला धरून शेजारी उभे होते. लग्नाला तीन वर्षं झाली होती, पण सासऱ्यांचा हा आवाज त्यांनी ऐकलाच नव्हता.

मी चाक चढवलं. अण्णांना शेजारी बसवून गाडी घाटाच्या पहिल्या वळणापर्यंत नेली. मोकळा रस्ता बघून तीनदा कचकन ब्रेक मारला. तिन्ही वेळा पहिल्या दाबात, आणि गाडी कुठल्याही बाजूला ओढली नाही. अण्णा डॅशबोर्डला हात टेकून बसले होते. येताना ते म्हणाले, "ते तसेच गेले असते, नाही का हो?" मी होय म्हणालो.

दारात आल्यावर चावी परत करायच्या आधी मी बाकीच्या तीन चाकांची गोष्ट काढली. त्यांतलं तेल जुनं होऊन काळं पडलं होतं. एवढं सगळं उघडलंय तर तिथलंही बदलून घ्यावं. अण्णा लगेच तयार झाले. पण बाळाला भूक लागली होती आणि मीनल आत गेली होती.

अभिजितरावांनी चप्पल काढली आणि ते स्वतःच सीटवर जाऊन बसले.

"मामा, मला पण तसंच सांगा. मीनलला सांगितलं तसं."

"छे छे. तुम्हाला कसं..."

"उद्या मागच्या सीटवर तुमची नात असणार आहे."

अण्णा खाली बसले. पाना नटावर ठेवला. घसा खाकरला. "दाबा," ते म्हणाले.

"मामा."

"दाब," अण्णा म्हणाले, इतक्या हळू की ते नटालाच सांगितल्यासारखं वाटलं. अभिजितरावांनी दाबलं. नट सैल झाला, काळं तेल यायला लागलं. आणि सवयीनं असेल, पण अभिजितरावांचा पाय किंचित हलला.

"ए! धर म्हणलं ना! सोडून तर बघ!"

गल्लीतल्या दोन खिडक्या उघडल्या. आत काकूंच्या हातातून भांडं पडल्याचा आवाज आला. अभिजितराव दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून पॅडलवर जवळजवळ उभेच राहिले होते. अण्णांनी नट आवळला, पुन्हा एकदा जोर देऊन खात्री केली आणि म्हणाले, "सोड."

मग पाना खाली पडला. अण्णा तेलकट हात जोडून उठायला लागले. "माफ करा अभिजितराव. तोंडातून निघून गेलं. आपण मनावर..."

"मामा, पुढचं चाक घ्या," अभिजितराव म्हणाले. ते हसत होते.

उरलेली दोन चाकं वीस मिनिटांत झाली. निघताना मी अण्णांना कागद मागितला. त्यांनी तोवर मुद्दा दहा आणि अकरा लाल शाईनं खोडून त्यांचा क्रम बदलला होता आणि खोडलेल्या जागी सही ठोकली होती. आवक-जावकवाला माणूस.

दुसऱ्या दिवशी पावणेनऊला गाडी माझ्या गॅरेजवरून घाटाकडं गेली. अकराच्या सुमारास अण्णा आले. गॅरेजात ते एरवी पाऊल टाकत नाहीत. स्टुलावर बसले, भिंतीवरचे पाने बघितले.

"पोचले," ते म्हणाले. "ब्रेक उत्तम आहेत म्हणाले."

"चांगलं झालं."

"मिस्त्री, तीन वर्षं ते मला मामा म्हणत होते." अण्णांनी चष्मा काढून पुसला. "आज फोनवर म्हणाले, 'अण्णा, पोचलो.' मीनल म्हणते तसं."

मी त्यांच्यासाठी चहा मागवला. माझ्याही डोळ्यांत जरा पाणी आलं, ते मी पेट्रोलच्या वासावर ढकललं.

आता कुणी घरी ब्रेकची एअर काढायची म्हणून विचारायला आलं, की मी गाडी कुठली हे नंतर विचारतो. आधी विचारतो, पॅडलवर कोण बसणार. ज्याच्यावर ओरडता येतं असं माणूस बसवा म्हणून सांगतो. तसं कुणी नसलं तर आदर करा, आभार माना, माफी मागा, काहीही करा. फक्त आधी नट आवळा.